रोजच्या मर्लोची पारख

हजार रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या मर्लो या रेड वाइनकडून पोमेरोल या फ्रान्समधील गावच्या महागड्या वाइनची अपेक्षा करणे जितके चूक, तितकेच ‘स्वस्तच आहे, चालायचेच’ असे म्हणून तिच्या दोषांकडे काणाडोळा करणेही चूक आहे. वाइन निर्दोष असावी, फळाची चव, आंबटपणा, तुरटपणा आणि मद्यार्क यांपैकी कोणी एक बाकीच्यांच्या उरावर बसलेले नसावे आणि पहिला ग्लास संपल्यावर दुसरा घ्यावासा वाटावा, एवढ्या अपेक्षा या किमतीला रास्त आहेत. ठाण्यात राहणाऱ्याला त्यात एक भर घालावी लागते: आपल्याकडील उकाड्यात बाटली कशी ठेवली गेली, यावर तिचे निम्मे भवितव्य ठरते.

मर्लो हे मूळचे फ्रान्समधील बोर्दो भागातील द्राक्ष. काबर्ने सोव्हिन्यों या तेथल्याच दुसऱ्या द्राक्षापेक्षा त्याची साल पातळ असते आणि ते लवकर पिकते, म्हणून त्याची वाइन सहसा अधिक मऊ, कमी तुरट आणि तरुणपणीच पिण्याजोगी होते. आलुबुखार आणि काळी चेरी हे तिचे ओळखीचे वास. द्राक्षे कच्ची तोडली असतील तर ढोबळी मिरचीचा हिरवट वास पुढे येतो. फार पिकली असतील तर जॅमसारखा जडपणा येतो. चिलीच्या स्वस्त मर्लोत हिरवट वास आल्यास त्याला आणखी एक कारण असू शकते. तेथे मर्लो म्हणून लावलेल्या कित्येक वेली प्रत्यक्षात कारमेनेर या हिरवट वासाकडे झुकणाऱ्या जातीच्या होत्या, हे १९९४ मध्ये उघड झाले. शिवाय लेबलावर मर्लो लिहिले म्हणजे आत निव्वळ मर्लोच असते असे नाही. युरोपीय संघात जातीचे नाव छापण्यासाठी त्या द्राक्षाचे प्रमाण ८५ टक्के असले तरी पुरते. नाशिककडील लाल वाइनमध्ये शिराझ आणि काबर्ने सोव्हिन्यों यांचाच बोलबाला असल्याने देशी मर्लो थोडी शोधावी लागते.

खरेदी करताना दर्शनी काचेत, उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नये, मग तिच्यावर कितीही सूट असो. घोडबंदर रोड असो वा नौपाडा, ज्या दुकानात वातानुकूलन आहे आणि माल भराभर खपतो, तेथूनच घ्यावे. बूच बाटलीच्या तोंडाबाहेर किंचित सरकलेले दिसले किंवा आवरणाखाली चिकट ओघळ आढळला, तर आतली वाइन उष्णतेने फुगलेली असण्याची दाट शक्यता असते. लेबलावरील वर्ष दोन-तीन वर्षांपेक्षा जुने नसलेले बरे, कारण अशी वाइन साठवणुकीने सुधारत नाही. फिरवून उघडायच्या झाकणाला नाक मुरडण्याचे कारण नाही. बुचाचा एक संभाव्य दोष त्यामुळे टळतोच.

‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला थंड देशांतील खोल्यांसाठी आहे. मर्लोला १६ ते १८ अंश मानवतात, आणि मे महिन्यात आपली खोली तिशीच्या पुढे असते. अशा वेळी मद्यार्काचा चटका पुढे येतो आणि चांगली वाइनही भडक लागते. बाटली तासभर तरी फ्रिजमध्ये ठेवावी, किंवा बर्फ आणि पाणी घातलेल्या पातेल्यात दहा-पंधरा मिनिटे उभी करावी. फार थंड केल्यास वास दबतो आणि तुरटपणा टोचतो, हेही लक्षात असू द्यावे.

देठाचा, वर निमुळता होत जाणारा साधा काचेचा ग्लास पुरतो, मात्र तो कोरडा आणि कसलाही वास नसलेला हवा. पावसाळ्यात बंद कपाटातील ग्लासाला दमट वास लागतो आणि त्याचा दोष वाइनच्या माथी मारला जातो, म्हणून ग्लास आधी नुसत्या पाण्याने विसळून हुंगून पाहावा. त्यात दोन-तीन घोटांपुरती वाइन ओतून तो पांढऱ्या कागदावर तिरपा धरावा. माणकासारखा लाल रंग ठीक. ताज्या वर्षाची वाइन कडेला विटकरी-तपकिरी दिसली, तर हवा किंवा उष्णता लागली असे समजावे. रंगावर याहून अधिक वेळ घालवू नये.

खरी परीक्षा नाकाची. पहिला वास ग्लास न हलवता घ्यावा, कारण दोष तेव्हा लवकर पकडता येतात. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट वर्तमानपत्राचा वास आला तर बुचातील संयुगाने वाइन बिघडली आहे. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम इतके अल्प प्रमाणही त्याला पुरते. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश काढण्याच्या द्रावाचा वास, शिजवलेल्या फळाचा मंद वास, हेही दोषच. मग ग्लास फिरवून पुन्हा हुंगावे आणि फळ शोधावे. ज्यांना वासांची नावे सुचत नाहीत, त्यांनी जून-जुलैत जांभळी नाक्याच्या बाजारातून आलुबुखार आणि जांभळे आणून कापून शेजारी ठेवावीत आणि एकदा फळ, एकदा ग्लास असे हुंगावे. शब्द आपोआप सापडतात. व्हॅनिलाच्या वासाने मात्र भुलू नये. स्वस्त वाइनमध्ये ओकच्या पिंपात मुरवण्याऐवजी त्याच लाकडाचे तुकडे वापरूनही तो आणता येतो, आणि त्याखाली फळ सापडत नसेल तर ती निव्वळ रंगसफेदी.

घोट तोंडात सर्वत्र फिरवावा. आंबटपणा पुरेसा असेल तर जबड्याच्या कडांना लाळ सुटते. ती सुटली नाही तर वाइन मिळमिळीत लागते. तुरटपणा हिरड्यांवर जाणवावा, पण अर्धकच्चे जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडू नये. गोडीबाबत विशेष सावध असावे, कारण स्वस्त वाइनमधील कच्चेपणा झाकायला थोडी साखर राखली जाते. याची सोपी कसोटी म्हणजे नाक चिमटीत धरून घोट घेणे: फळाच्या वासामुळे भासणारी गोडी नाहीशी होते, साखरेची मात्र जिभेवर राहते. गिळल्यावर पाच-सहा सेकंद फळाची चव रेंगाळली तर या किमतीला उत्तम. मागे नुसता कडूपणा किंवा घशात जळजळ उरली, तर गुण कापावेत.

किंमत आणि लेबल यांचा पगडा पडू नये म्हणून दोन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून घरातील कोणाला तरी ओतायला सांगावे. त्याहून कडक कसोटी तीन ग्लासांची: दोनांत एकच वाइन आणि तिसऱ्यात वेगळी. वेगळा ग्लास ओळखता येतो का, हे पाहावे. नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा उत्तर बरोबर येत असल्याने हा प्रयोग दोन-तीनदा करावा.

चव जेवणाआधी घ्यावी. मामलेदारची मिसळ खाऊन आल्यावर तर मुळीच नको. तिखटाने मद्यार्काची जळजळ आणि तुरटपणा दोन्ही वाढतात. निकाल लिहून झाल्यावर तीच वाइन कमी तिखटाच्या मटणाबरोबर किंवा खारट चीजबरोबर पुन्हा प्यावी, कारण मीठ आणि स्निग्धता तुरटपणा मऊ करतात आणि जेवणासाठी घेतलेल्या वाइनला ती संधी मिळायला हवी. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी. दुसऱ्या दिवशीही फळ शिल्लक असेल तर त्या वाइनची आणखी एक बाटली घ्यायला हरकत नाही. फळ विझलेले पण वास स्वच्छ असेल, तर ती मटणाच्या रश्श्यात घालावी. कुबट वासाची मात्र रश्श्यातही घालू नये, कारण तो वास शिजवूनही जात नाही. ती पावतीसह दुकानात परत न्यावी.