जीटी40 रेप्लिकासाठी ट्रान्सअ‍ॅक्सल: पैसे मोजण्याआधी काय तपासायचं

बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण एवढं वाचा: ट्रान्सअ‍ॅक्सलमध्ये (गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत) क्राउन व्हील, म्हणजे चाकांना फिरवणारा मोठा गिअर, पिनियनच्या, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या लहान गिअरच्या, कोणत्या बाजूला आहे ते बघा. गेल्या वेळी लांबी, स्प्लाइन, टॉर्क सगळं मोजलं होतं, नेमकं हेच राहिलं. गाडीला पाच गिअर मागे जायचे आणि एक पुढे जायचा, असं होऊन बसलं.

कारण साधं आहे. पोर्शे 911 मध्ये इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे असतं आणि गिअरबॉक्स पुढे. फोर्डच्या जीटी40 या रेसिंग गाडीत इंजिन अ‍ॅक्सलच्या पुढे, गिअरबॉक्स मागे. म्हणजे 911 चा जी50 गिअरबॉक्स इथे तोंड फिरवून बसतो. इंजिन फिरायचं तसंच फिरतं, चाकं मात्र उलटी. मग एक तर क्राउन व्हील दुसऱ्या बाजूला घ्यायचं (पोर्शेनेच मिड-इंजिन 914 मध्ये 911 च्या जुन्या 901 बॉक्सला तेच केलं), नाही तर बॉक्स पालथा चालवायचा. पालथा म्हणजे ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी नळी), ऑइलची पातळी, भरायचा प्लग सगळं नव्याने ठरवायचं, आणि गिअर लिंकेजची दिशाही पुन्हा जुळवायची. हा खर्च बॉक्सच्या किमतीत आधीच धरा.

ऑडी आणि रेनॉ 25 च्या बॉक्सला ही अडचण नाही. त्या गाड्यांत इंजिन पुढच्या अ‍ॅक्सलच्या पुढे आणि बॉक्स मागे, म्हणजे आपल्याला हवा तोच क्रम. पोर्शे बॉक्स्टर तर मुळातच मिड-इंजिन, म्हणजे जीटी40 सारखीच. झेडएफ 5डीएस-25 घेत असाल तर नावावर जाऊ नका: डी टोमासोच्या मांगुस्टातला -1 आणि पँटेरातला -2 एकमेकांच्या उलटे बसतात.

विकणारा काहीही सांगो, हाताने तपासा. बेलहाउसिंगचं (इंजिनाला जोडायच्या घंटेसारख्या भागाचं) तोंड आपल्याकडे करा, बॉक्स ज्या बाजूने वर बसणार तसाच ठेवा, पहिला गिअर टाका. एक आउटपुट फ्लँज (ड्राइव्हशाफ्ट जोडायची चकती) कुणाला तरी घट्ट धरायला सांगा आणि इनपुट शाफ्ट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवा. मोकळ्या फ्लँजच्या वरच्या कडेला खडूची खूण केलेली असू द्या. खूण तुमच्याकडे आली तर बॉक्स बरोबर. तुमच्यापासून लांब गेली तर उलटा. दोन मिनिटांचं काम आहे. दुकानातच करा, घरी आणून नव्हे.

आता टॉर्क. स्टॉक फोर्ड 302 एचओ व्ही8 इंजिन साधारण 407 न्यूटन-मीटर देतं. लोटस एस्प्रि व्ही8 मध्ये रेनॉचाच यूएन1 बॉक्स (रेनॉ 25 मधला) होता, आणि त्या गाडीचं इंजिन 400 च्या आसपास आवरून ठेवलं होतं ते या बॉक्समुळेच. म्हणजे शांत 302 ला यूएन1 काठावर पुरतो. 302 चं 347 स्ट्रोकर (स्ट्रोक वाढवून मोठं केलेलं इंजिन) बांधणार असाल तर त्याचा विचार सोडा. चिकट टायर आणि क्लच झटकन सोडायची सवय हीच दातांची खरी वैरी.

गुणोत्तरं कागदावर मांडा. 295/50 आर15 टायरचा घेर साधारण 2.1 मीटर. पाचवा 0.82 आणि फायनल 3.89 धरला तर ताशी 100 किलोमीटरला इंजिन 2,530 आरपीएमच्या आसपास; 0.70 आणि 3.44 असेल तर 1,910. मोठ्या व्ही8 ला ही दुसरी जोडी जास्त मानवते. पहिला गिअरही बघा: 3.36 असेल तर 3.89 च्या फायनलवर 6,000 आरपीएमला 58 किलोमीटरवरच बदलावा लागतो.

ऑडीचा बॉक्स क्वात्रोतला (चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीतला) असेल तर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा आतला टॉर्सेन डिफरन्शियल काढून ती जागा लॉक करावी लागते. ते तसंच ठेवलं तर फिरतो फक्त मागचा मोकळा शाफ्ट, गाडी जागची हलत नाही.

भंगारातून घेताना ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा चालेल, चकत्या नकोत. सगळे गिअर हाताने टाकून बघा. आणि हो, तेवढ्यात तो शाफ्ट फिरवून बघितलात ना?

जोडणी. अ‍ॅडॉप्टर प्लेट नुसती बोल्टवर सोडू नका, डॉवेल पिना (नेमकी जागा पकडणाऱ्या खुंट्या) हव्यातच. डायल गेज लावून बेलहाउसिंगचं भोक क्रँकच्या मध्यापासून किती सरकलंय ते मोजा, 0.13 मिलिमीटरच्या वर गेलं तर ऑफसेट डॉवेल घाला, नाही तर इनपुट बेअरिंग आणि क्लचप्लेट दोन्ही लवकर जातील. इनपुट शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगमध्ये खरंच शिरतंय का, आणि तळाला टेकत तर नाही ना, हे प्लॅस्टिसिनची गोळी ठेवून बघा. 302 चा फ्लायव्हील घेताना इंजिनाचं साल विचारा: जुन्यांना 28 औंस-इंचाचा मुद्दाम ठेवलेला असमतोल, ऐंशीच्या दशकातल्यांना 50 चा. चुकलं तर इंजिन थरथरेल आणि तुम्ही दोष गिअरबॉक्सला द्याल.

लिंकेज चेसिसला वेल्ड करण्याआधी बॉक्स जागेवर ठेवून सिलेक्टर शाफ्ट कुठून बाहेर येतो ते बघा; एक्झॉस्ट तिथूनच जात असतो. ड्राइव्हशाफ्टचे सीव्ही जॉइंट 100 मिलिमीटरचे की 108 चे ते फ्लँजवर मोजा, सस्पेंशन पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन कोन आणि लांबी दोन्ही बघा.

राहिलेलं थोडक्यात: स्टार्टर कोणत्या बाजूला, रिव्हर्सचा स्विच, स्पीडोमीटरचा सेन्सर, ब्रीदर उंचावर. ऑइल बॉक्सच्या कंपनीने सांगितलेलंच. जीएल-4 दर्जाच्या ऑइलच्या जागी डोळे मिटून जीएल-5 ओतू नका, गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा खराब होऊ शकतात.

आणि बॉडी चढवायच्या आधी गाडी स्टँडवर घ्या, इग्निशन कॉइलची वायर काढा, पहिला गिअर टाका, स्टार्टर क्षणभर दाबा. चाकाचा वरचा भाग पुढच्या बंपरकडे जायला हवा.