एम.लिब. (ग्रंथालयशास्त्राची मास्टर्स) करताय? मग शिकवायची पण तयारी ठेवा

नाशिकला गंगापूर रोडच्या एका कॉलेजात लायब्रेरियन आहे मी, १२ वर्षं झाली. लागले तेव्हा काम म्हणजे ॲक्सेशन रजिस्टर (नव्या पुस्तकांची नोंदवही), इश्यू-रिटर्न आणि मार्च आला की स्टॉक व्हेरिफिकेशन. एम.लिब. झालेलं, सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) निघालेली, पुस्तकं विषयवार लावायचे ड्युईचे नंबर तोंडपाठ (मराठी साहित्य ८९१.४६, झोपेतून उठवलं तरी सांगेन), पण पोरांसमोर उभं राहून शिकवायचं कसं हे कोणी सांगितलंच नव्हतं. आता अर्धा दिवस त्यातच जातो.

पहिलं ओरिएंटेशन पार फसलं. सेमिनार हॉल, दीडशे पोरं, मी रंगनाथनांच्या १९३१ च्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपासून सुरू केलं आणि पुढे एन-लिस्टच्या (कॉलेजांसाठीची ऑनलाइन जर्नल्स-पुस्तकांची सोय) ४० स्लाईड. मागच्या रांगेत रील्स चालू. शेवटी एकच प्रश्न आला, वायफायचा पासवर्ड काय.

खरं शिकवणं होतं ते काउंटरवर. दिंडोरीकडची एक मुलगी, एमएस्सी बॉटनी, द्राक्षावरच्या डावणीवर प्रोजेक्ट. 'ग्रेप डिसीज नाशिक' टाकून बसलेली आणि समोर नुसत्या औषधांच्या जाहिराती. म्हटलं, घरी काय म्हणतात याला? डावणी. इंग्रजीत? डाउनी मिल्ड्यू. आणि शास्त्रीय नाव? प्लास्मोपारा विटिकोला, हे तिला पाठ होतं की, फक्त सर्चमध्ये टाकायचं सुचलं नव्हतं. टाकलं तसे पेपर धडाधड आले.

मग तिने एआयकडून घेतलेली पाच रेफरन्सेसची यादी काढली. म्हटलं, एकेकाचा डीओआय (प्रत्येक पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) डीओआयच्या साइटवर टाकून बघ. पहिला सापडलाच नाही. दुसरा उघडला पण पेपर भलत्याच विषयावरचा निघाला. "मॅडम, पण नावं तर खरी वाटतायत!" अगं, तीच तर गोम आहे.

तेव्हापासून मोठी लेक्चरं बंद. दहा-बारा पोरं, ज्याचा त्याचा विषय, वीस मिनिटं, आणि तेही सबमिशनच्या आधीच्या आठवड्यात, कारण जूनमध्ये सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. एन-लिस्टचं लॉगिन घरून चालतं हे तर दरवर्षी नव्याने सांगावं लागतं.

पीएचडीवाल्यांची तऱ्हा वेगळी. यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्याच्या नियमात दुसऱ्यांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून येतात आणि म्हणतात, मॅडम, तेवढं १० च्या खाली आणून द्या. जसं काही माझ्याकडे बटण आहे! सॉफ्टवेअर फक्त कुठलं वाक्य कुठल्या वाक्याशी जुळतंय ते दाखवतं, चोरी आहे का ते आपण वाचून ठरवायचं. मी त्यांना समोर बसवून एक परिच्छेद स्वतःच्या शब्दांत लिहायला लावते, बरेच जण त्या दिवसानंतर फिरकत नाहीत.

एवढं करून टाइमटेबलमध्ये आपल्याला तास नाही, हे आधीच माहीत असू द्या. स्टाफरूममध्ये जाऊन एकेका सरांकडून मागून घ्यावा लागतो. ज्यांच्या पोरांचे रेफरन्सेस व्हायव्हात खोटे निघालेत ते लगेच देतात, त्यांना आधी गाठा. आणि वायफायचा पासवर्ड पहिल्याच स्लाईडवर टाका.