कोतमधला पहिला पावसाळा

नागपुरात पोलीस दलात आर्मोरर, म्हणजे हत्यारांची देखभाल करणारा, म्हणून रुजू झालो त्याला बरीच वर्षं झाली. कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, नव्याने आलेल्या पोरापोरींना मी पहिल्याच दिवशी सांगतो, की गंज थांबवायचा तर तेलाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

मी हे चुकूनच शिकलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा बंदोबस्त होता आणि दुपारभर पाऊस. संध्याकाळी थ्री-नॉट-थ्री रायफली ओल्याच परत आल्या. माणसं थकलेली, मोजणी बाकी. मी भराभर प्रत्येकीवर तेलाची चिंधी फिरवली आणि रॅकला लावल्या. दिसायला सगळ्या चकचकीत. आठवड्याने एकीचं हँडगार्ड, म्हणजे नळीवरचं लाकडी आवरण, उतरवलं, तर बॅरलवर, म्हणजे नळीवर, तपकिरी ठिपके. उस्ताद रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "अबे, तू तेल पाण्याले लावलं, लोखंडाले नाही. पाणी आतच कोंडलं ना बापा." ठिपके घासून गेले, पण त्यांच्याखाली लोखंडाला पडलेले बारीक खड्डे कुठल्याच तेलाने भरत नाहीत.

म्हणून क्रम पक्का करा. आधी मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्याने पाहा आणि बोटानेही चाचपा. हत्यार रिकामं असल्याची खात्री झाल्याशिवाय चिंधीला हात लावायचा नाही. मग उघडा आणि पुसा. पुल-थ्रूला, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीला, 4 इंच बाय 2 इंचाची कोरडी फ्लॅनेलची चिंधी लावून ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत नळीतून ओढा. पाणी लपतं ते लाकडाखाली, स्क्रूच्या खाचेत, स्लिंगच्या (खांद्याच्या पट्ट्याच्या) कडीत. सुटे भाग पंख्याखाली अर्धा तास ठेवा. त्यानंतर तेल, तेही पातळ. बोट फिरवल्यावर नुसता ओशटपणा जाणवला की पुरे. थेंब ओघळत असेल तर जास्त झालं. त्यावर धूळ बसते आणि धूळ ओल धरते.

पाण्याइतकंच मीठ वाईट. घामात मीठ असतं, त्यामुळे पुसलेल्या बॅरलवर उघडं बोट टेकलं की काही दिवसांत बोटाचाच ठसा गंजून उमटतो. शेवटचा हात नेहमी तेलाच्या फडक्यानेच फिरवायचा. जुन्या काडतुसांच्या कॅपमध्ये, म्हणजे ठोका बसताच पेटणाऱ्या बुडाच्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं. तेही एक मीठच, हवेतली ओल ओढून घेणारं, आणि तेलात न विरघळणारं. म्हणून जुने लोक फायरिंगनंतर नळीत उकळतं पाणी ओतायचे. नवख्याला ते पाहून धक्का बसतो, पण मीठ पाण्यानेच निघतं, आणि तापलेली नळी स्वतःच वाळते. तेल त्यानंतर.

आता नागपूरची खास गोष्ट. 2013च्या मे महिन्यात आपल्याकडे पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा कोरड्या भट्टीत गंज कसला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण उन्हाळ्यात आपण कूलर लावतो, आणि कूलर खोलीत सतत ओली हवा फेकतो. खोलीतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागतं. आमच्या कोतमध्ये एका उन्हाळ्यात कूलरसमोरच्या रॅकवरच गंज आला, पलीकडचा रॅक कोरडा ठणठणीत. तेव्हापासून माझा आग्रह असतो, की कूलर माणसांच्या खोलीत, हत्यारं दुसऱ्या खोलीत.

तेल की ग्रीस, हा प्रश्न दरवर्षी येतो. रोज वापरातल्या हत्याराला तेल. महिनोन्‌महिने पेटीत राहणाऱ्याला ग्रीस किंवा मिनरल जेली, कारण तिचा जाड थर जागचा हलत नाही. मात्र ही जेली म्हणजे पेट्रोलियम जेलीच, ती मेच्या उन्हात पातळ होऊन वाहते, म्हणून पेटी पत्र्याच्या छताखाली नको. फायरिंगआधी नळी आणि चेंबर पूर्ण कोरडे करा. तिथे तेल-ग्रीस राहिलं तर दाब धोकादायक वाढू शकतो. काडतुसांना तर तेल लावायचंच नाही. कॅपमध्ये झिरपलं तर काडतूस फुसकं निघतं. डब्ल्यूडी-40 पाणी हटवायला छान, नावातच तो अर्थ आहे, पण त्याचा थर विरळ असतो. त्यावर नेहमीचं तेल हवंच.

निवडणुकीत परवान्याची हत्यारं जमा होतात तेव्हा घरगुती उपाय पाहायला मिळतात. एका बाराबोअर बंदुकीच्या आत जवसाचं तेल चोपडलेलं होतं. जवस बटच्या (दस्त्याच्या) लाकडाला उत्तम, कारण ते वाळून पापुद्रा धरतं. नेमकं त्याच कारणाने ट्रिगरच्या भागात ते चिकट होऊन बसतं.

पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून कपाट बंद करू नका. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनंही त्यात उरतात. तेल लावलेली रायफल पहिली रात्र नळीचं तोंड खाली करून ठेवा, नाहीतर जादा तेल उतरून बटच्या लाकडात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं. आणि पावसातून आलेलं हत्यार, कितीही नीट पुसलं असलं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा आणि आठवड्याने एकदा हँडगार्ड उतरवून पाहा.