धुरकट झालेली काच पुन्हा आरपार
१:२४ मापाच्या प्लास्टिक मॉडेल कारची पुढची काच सुपरग्लूने चिकटवली आणि सकाळपर्यंत ती आतून दुधाळ झाली. सुकताना ग्लूची वाफ बंद बॉडीत कोंडते आणि काचेवर पांढरा थर धरते. थर वरवरचाच असतो, म्हणून काच वाचते.

ती अलगद सुटी करून आधी २००० आणि मग ३००० नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी लावून, हलक्या बोटाने घासली. मग बारीक पॉलिशिंग कंपाउंड, मऊ सुती कापडावर. शेवटी पारदर्शक ग्लॉस ॲक्रिलिकमध्ये बुडवून खालची कड टिश्यूला टेकवली, म्हणजे जादा थेंब शोषला जातो. २४ तास झाकून ठेवली.

बसवताना पांढरा गोंद, टूथपिकने फक्त कडेला. पकड कमी, पण काचेवर असा भार तरी कुठे असतो! लॅकर थिनर मात्र जवळही नको. काचेच्या पारदर्शक प्लास्टिकला, म्हणजे पॉलिस्टायरीनला, तडे जातात.