रोममध्ये फूड टूर पहिल्याच दिवशी घ्या

चालत फिरायची फूड टूर बरेच जण शेवटच्या दिवसासाठी ठेवतात. मग चांगली दुकानं कळतात, तेव्हा बॅगा भरायची वेळ झालेली असते. पहिल्याच सकाळी घेतलीत तर पुढच्या तीन-चार दिवसांच्या जेवणाचा प्रश्न सुटतो.

१. तेस्ताच्चो भागातली सकाळची टूर बघा. तिथला बाजार दुपारीच आवरतो आणि रविवारी बंद असतो.

२. नाश्ता करू नका, फार तर कॉफी. तीही काउंटरपाशी उभ्यानेच प्या, टेबलाशी बसलं की बऱ्याच ठिकाणी जास्त पैसे पडतात.

३. प्रत्येक दुकानापाशी फोनच्या नकाशावर खूण करा, शेजारी पदार्थाचं नाव लिहा. सुप्लीचं दुकान तर नक्कीच. भाताचा तळलेला लांबट गोळा, मधोमध मोझरेला. गरम असताना तोडला की दोन तुकड्यांमध्ये चीजची लांब तार ताणली जाते. दुसऱ्या दिवशी हटकून आठवण येते!

४. रिकामी बाटली सोबत ठेवा. रस्त्यावरच्या लोखंडी नळांचं पाणी थंड, पिण्याजोगं आणि फुकट असतं. नळीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छिद्रातून धार उडते, थेट तोंड लावून पिता येतं.

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच 'मांस, मासे नकोत' असं स्पष्ट लिहा. सुप्लीच्या भातात अनेकदा मांसाचा सॉस असतो. पेकोरिनो रोमानो चीजसाठी तर दूध कोकराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, त्यामुळे चीजबद्दल वेगळं विचारा.