खेड्यात गेमिंग पीसी लावाचा? आधी लाईन पाहा, मंग ग्राफिक कार्ड

माझा पहिला पीसी कसा मेला ते आधी सांगतो, अर्धी गाईड त्यातच येऊन जाते. जूनचे पहिले दिवस होते, सगळे मिरगाची वाट पाहून राहिले होते, संध्याकाळचे सात वाजले असतील, मी गेममध्ये घुसलेलो आणि सपरीतला बल्ब एकदम पांढराफट्ट झाला, पंखा असा पळाला जसा टिनं घेऊनच उडते. बाहेरून बाबा ओरडले, "अबे बंद कर ते, न्यूट्रल उडाला!" माझा हात स्विचवर पोचेपर्यंत कॅबिनेटमधून फट्ट झालं आणि मंग तो वास, जळल्या मासोळीसारखा, ज्यानं एकदा घेतला त्याला सांगायची गरज नाही. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, न्यूट्रलची तार सुटली की २३० च्या जागी घरात ३००, कधी पार ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकते. त्या दिवशी गल्लीतले तीन टीव्ही गेले. माझा एसएमपीएस, म्हणजे लाईन घेऊन पीसीच्या पार्टांना पुरवणारा डबा, कॅबिनेटसोबत फुकटात आलेला होता, वरून ५०० वॅट लिहिलेलं आणि हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका, तो एकटा मेला असता तरी चाललं असतं, पण जाता जाता मदरबोर्ड अन हार्डडिस्क पण घेऊन गेला.

यूट्यूबवर बिल्ड सांगणारे पोट्टे चांगलंच सांगतात, पण त्यायच्यासाठी लाईन म्हणजे भिंतीतलं भोक, पीन खुपसली की काम झालं. आपल्याकडे तसं नाही. म्हणून माझा हिशोब असा की बजेट कितीही असो, आधी एसएमपीएस, अर्थिंग अन यूपीएसचे पैसे बाजूला काढून ठेवा आणि जे उरले त्यात ग्राफिक कार्ड बसवा. कार्ड एक नंबर खालचं आलं तर येऊ द्या.

लो व्होल्टेजला लोक लय घाबरतात. रब्बीत वावरातल्या मोटरी सुरू झाल्या की गावात १७०-१८० वर येते, ट्यूब फडफडते, पण चांगल्या एसएमपीएसला त्याचं काहीच वाटत नाही. घेताना बाजूचं लेबल वाचा, एसी इनपुट समोर १०० ते २४० लिहिलेलं असलं तर तो १७० वर आरामात चालते, नुसतं २०० ते २४० किंवा २३० लिहिलेलं असलं तर संध्याकाळी गेम चालू असताना पीसी आपोआप रिस्टार्ट होईल आणि तुम्ही विंडोजला शिव्या देत बसाल. ८० प्लस ब्रॉन्झ (लाईन कमी वाया घालवते असा शिक्का), ४५० ते ५५० वॅट, पाच वर्षांची वॉरंटी, एवढं पुरते. खरं मरण हाय व्होल्टेजचं आहे. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर भेटते, मीटरच्या बोर्डात एमसीबीच्या बाजूला बसते, २६० च्या वर गेलं की लाईन तोडते आणि लाईन नीट झाली की थोडं थांबून परत जोडते. वायरमनकडून बसवून घ्या, सगळ्या घराला कामी येते, फ्रीज वाचला की मायही पीसीला बोलत नाही.

आता अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा हात लावला की मुंग्या आल्यासारखं झिणझिण होते ना, लोक म्हणतात "पीसी शॉट मारते, खराब निघाला." खराब नाही तो. बहुतेक एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, एक फेज अन अर्थच्या मध्ये, एक न्यूट्रल अन अर्थच्या मध्ये, घरात अर्थिंगच नसली की कॅबिनेट दोघायच्या मधात लटकते आणि पत्र्यावर ११५ च्या आसपास व्होल्ट दिसते. करंट अगदी थोडा असते म्हणून माणूस मरत नाही, पण यूएसबी पोर्ट, हेडफोनमधली घरघर, सगळ्याला त्रास. थ्री-पिनची मोठी पीन कापून टू-पिनच्या बोर्डात खुपसणारे महाभाग आमच्याच गावात आहेत. वायरमन आला की त्याला मल्टिमीटरनं तीन मापं घ्यायला लावा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिले दोन जवळपास सारखे पायजे आणि तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरं वीस-तीस दाखवलं तर अर्थिंग नावालाच आहे. मंग बाहेर खड्डा, पाईप, कोळसा अन मीठ, आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून बकेटभर पाणी, कारण मे महिन्यात काळी माती भेगाळते अन अर्थिंग पण तिच्यासोबत वाळते.

यूपीएसचं थोडक्यात. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, छोट्या पीसीला सेव्ह करून बंद करण्यापुरता, मॅच पूर्ण करण्यापुरता नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर मागचा किंवा समोरचा स्विच यूपीएस मोडवर टाका, त्यात लाईनवरून बॅटरीवर बदली १० मिलिसेकंदाच्या आसपास होते आणि एसएमपीएस तेवढा दम धरते, साध्या मोडमध्ये वेळ जास्त लागते अन पीसी बंद पडते. फक्त एक लफडं आहे, यूपीएस मोडमध्ये लाईन १८० च्या खाली गेली की इन्व्हर्टर बॅटरीवर जाते, म्हणजे लो व्होल्टेजच्या दिवसात लाईन असूनही बॅटरी उतरत राहते. माझ्याकडे त्यासाठी आधी स्टॅबिलायझर, मंग इन्व्हर्टर असं लावलं आहे.

पार्ट कोणते? ज्याला हळूहळू वाढवत न्यायचं आहे त्यानं रायझन ५ ५६००जी घ्यावा असं माझं मत, त्याच्यात ग्राफिक आतच असते, व्हॅलोरंट, जीटीए ५ आरामात, आणि कार्ड पुढच्या कापसाच्या पैशात. पण रॅम ८-८ जीबीच्या दोन काड्या घ्या, १६ ची एक नाही, आतलं ग्राफिक रॅमवरच जगते, एका काडीत त्याचा जीव अर्धा होते. ज्याला आत्ताच कार्ड पायजे त्यानं आय३-१२१००एफ आणि आरएक्स ६६०० चा विचार करावा, कार्ड १३२ वॅटचं आहे, एक ८-पिनची वायर लागते. नावात एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक नसते हे ध्यानात ठेवा, कार्ड यायच्या आधी जोडून "डिस्प्ले नाही आला" म्हणून मला फोन करणारे दोघं झाले. पार्ट मी सीताबर्डीला जाऊन आणतो, ऑनलाईन स्वस्त असलं तरी सर्व्हिस सेंटर शेवटी नागपूरलाच आहे, अन एसटीनं डबा घेऊन दोनदा जावं लागते. बिल आणि डबे फेकू नका. माझ्या मायनं ग्राफिक कार्डच्या डब्यात मुगवड्या भरल्या होत्या, वॉरंटीला पाठवायच्या दिवशी त्या सुपात ओताव्या लागल्या.

जोडणी यूट्यूबवर पाहून होते, मी फक्त जिथं पोट्टे चुकतात तेवढं सांगतो. मदरबोर्ड आधी त्याच्याच डब्यावर ठेवून बाहेरच चालू करून पाहा, प्रोसेसर, त्याच्यावरचा कूलर, एक रॅम, एसएमपीएसची २४-पिन आणि वरची ८-पिन, प्रोसेसर एफवाला असेल तर कार्डही, आणि पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरनं क्षणभर टेकवा. डिस्प्ले आला तरच कॅबिनेटमध्ये टाका, नाही तर सगळं कसून झाल्यावर उकलत बसाल. प्रोसेसरच्या कोपऱ्यातलं तिकोन सॉकेटच्या तिकोनाला जुळवायचं आणि तो आपल्या वजनानंच बसला पायजे, दाबायचा अजिबात नाही. रॅम प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या अन चौथ्या खाचेत, कट्ट आवाज येईपर्यंत. कूलरखालचं पारदर्शक प्लास्टिक काढा, हे मी हसून सांगत नाही, मी स्वतः विसरलो होतो अन दोन मिनिटात ९५ डिग्री. कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यावर टेकते ते बारके खांब, बोर्डाच्या भोकांपुरतेच ठेवा, एखादा जास्तीचा मधात राहिला तर बोर्डाच्या पाठीवर शॉर्ट होते. प्रोसेसरची ८-पिन अन ग्राफिक कार्डची ८-पिन सारखी दिसते पण सारखी नाही, कार्डवाली ६ अधिक २ अशी फुटते, प्रोसेसरवाली ४ अधिक ४. चालू झाल्यावर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या आतल्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी (रॅमला पूर्ण स्पीड देणारं सेटिंग) लावा नाही तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर रांगत राहील.

आता आपलं खरं दुखणं, उन्हाळा. पीसीचं टेम्परेचर हे खोलीच्या टेम्परेचरवर चढून बसते. डिसेंबरात खोली २५ अन कार्ड ६८ असेल, म्हणजे वरचे ४३, तर नवतपात टिनाखालची खोली ४० झाली की तेच कार्ड ८३ ला जाईल, बिघाड काहीच नाही. म्हणून मे महिन्यात पहिलं काम, गेममध्ये एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, ६० वर बांधून टाका, मॉनिटर ६० हर्ट्झचाच असेल तर बाकीचे फ्रेम तुम्ही नुसते उष्णता करायला जाळून राहिले. दुपारी १२ ते ५ खेळूच नका, तसंही कोणी उठत नाही.

एअर कूलर लावता तर तोंड पीसीवर करू नका. हवा थंड येते हे खरं, पण सोबत बारीक तुषार येतात, आणि आमच्याकडे खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारं. माझ्या मामाच्या गावी अकोल्याकडे एका पोट्ट्याचा पीसी उघडला, हीटसिंकच्या पात्यांवर पांढरी खारी बसलेली, नखानं खरवडली तर बोटाला मिठासारखी लागली, आणि रॅमच्या खाचेजवळ हिरवट गंज. कूलर खिडकीत, पीसी आडव्या कोपऱ्यात, जमिनीपासून हातभर वर, एवढं केलं तरी पुरते.

धुळीचे आपले दोन हंगाम आहेत. ऑक्टोबरात सोयाबीनचं थ्रेशर चालते तेव्हा कुटाराचा बारीक भुसा घरभर उडते, आणि त्यानंतर घरात कापूस भरला की त्याचे तंतू पंख्याच्या पात्यांना गुंडाळतात अन नमदा तयार होते. समोरच्या जाळीला मच्छरदाणीचा तुकडा आतून लावा, पंधरा दिवसांनी धुवा. साफ करायला पंक्चरवाल्याकडे नेऊ नका, त्याच्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी अन तेल दोन्ही असते आणि प्रेशर पंख्याचे पाते तोडाइतकं. हाताचा ब्लोअर घ्या, पंखा बोटानं धरून ठेवा मंग हवा मारा, मोकळा सोडला तर तो फिरून उलटा करंट तयार करते.

बिघाड आला तर घाबरू नका, क्रमानं पाहा. पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही: आधी एचडीएमआय केबल मदरबोर्डच्या भोकात तर नाही ना पाहा, कार्ड असेल तर ती कार्डातच पायजे, दहापैकी चार वेळा हेच निघते. मंग रॅम काढा, सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरानं घासा, एकेक काडी वेगवेगळ्या खाचेत लावून पाहा. तरी नाही तर लाईन काढून बोर्डावरचा गोल सेल, सीआर २०३२, पाच मिनिटं बाहेर ठेवा, बायोस मूळ जागी येते. काहीच फिरत नसेल तर एसएमपीएस बोर्डापासून सोडवून एकटाच तपासा, २४-पिनच्या हिरव्या तारेला शेजारच्या काळ्या तारेशी पेपरक्लिपनं जोडून स्विच टाकला की त्याचा पंखा फिरला पायजे. सगळ्या तारा काळ्या असतील तर हिरवीची जागा चित्रात पाहून मगच. एसएमपीएस स्वतः उघडून आत बोट घालू नका, बंद केल्यावरही आत जीव राहते.

गेम जोरात आला की बंद पडते अन नुसतं विंडोज दिवसभर चालते, तर संशय एसएमपीएसवर किंवा गरमीवर, एचडब्ल्यूइन्फो उघडून टेम्परेचर पाहा. निळी स्क्रीन येते, दरवेळी वेगळ्या नावानं, तर रॅम, मेमटेस्ट८६ रात्रभर लावून झोपा, म्हणजे लाईन राहिली तर. गेम मधातच लटकते आणि हार्डडिस्क टकटक करते, क्रिस्टलडिस्कइन्फोनं पिवळं दाखवलं की आधी आपले फोटो काढून घ्या. इम्युलेटर, म्हणजे फोनचे गेम पीसीवर चालवणारं सॉफ्टवेअर, रांगते तर बायोसमध्ये व्हीटी, एएमडीवर एसव्हीएम, चालू करा.

अपग्रेडमध्ये लोक जुने ऑफिसचे ब्रँडेड पीसी आणतात, वाईट नाही, पण त्यायचा एसएमपीएस वेगळ्या पिनांचा असते अन कार्डची वायर नसते, म्हणून आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालंच घ्या, ते ७० वॅटमध्ये स्लॉटवरच चालते. कॅबिनेट बारीक असेल तर कार्डही बुटकं पायजे, आधी पट्टीनं मोजा. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय५ विंडोज ११ ला अधिकृत चालत नाहीत, हे धरूनच भाव करा. एएम४ वर, म्हणजे ५६००जी बसते त्या एएमडी सॉकेटवर, प्रोसेसर बदलताना पीसी दहा मिनिटं चालवून कूलर कोमट होऊ द्या, मंग बंद करून तो डावीउजवीकडे फिरवत काढा, सरळ ओढला तर वाळलेल्या पेस्टसोबत प्रोसेसर उपटून येते अन पिना वाकतात.

विजा कडाडल्या की पीन काढाच, सोबत नेटची केबलही, वीज तिच्यातूनही येते. कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या पट्ट्या फेकू नका, त्या भोकातून पाली अन उंदीर आत जातात. आणि सकाळी चालू केल्यावर "सीपीयू फॅन एरर" आला तर एफ१ दाबून पुढे जाऊ नका, टॉर्च घ्या, झाकण काढा अन पंख्याची तार कुरतडलेली आहे का पाहा.