मुंबईच्या तलावांची पातळी कशी वाचावी

पावसाळ्यात रोज प्रसिद्ध होणाऱ्या तलावांच्या तक्त्यात बहुतेकांची नजर थेट टक्केवारीवर जाते. परंतु पातळी का बदलली हे समजून घ्यायचे असेल, तर टक्केवारी सर्वांत शेवटी पाहावी. आधी प्रत्येक तलावाची पातळी, उपयुक्त साठा आणि त्याच्या पाणलोट क्षेत्रातील पाऊस हे आकडे मागील दोन-तीन वर्षांच्या त्याच तारखेच्या आकड्यांशेजारी मांडावेत. कुलाबा किंवा सांताक्रूझच्या पावसावरून अंदाज बांधू नये, कारण दादरला गुडघाभर पाणी साचले म्हणून शहापूरकडे भातसा तलाव भरतोच असे नाही.

मुंबईला पाणी पुरवणारे सातही तलाव काठोकाठ भरले, की उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर होतो. शहराला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पुरवले जात असल्याने पावसाळ्याअखेरचा, म्हणजे १ ऑक्टोबरचा, पूर्ण साठा जेमतेम वर्षभर पुरतो. त्यातील जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. त्यामुळे तुळशी ओसंडल्याच्या बातमीने हुरळून जाऊ नये. ८,०४६ दशलक्ष लिटरचा तो तलाव शहराची तहान दोनच दिवस भागवू शकतो.

पातळी वाढली म्हणजे पाऊसच झाला, असेही गृहीत धरू नये. वैतरणा नदीवर मध्य वैतरणा तलावाच्या खालच्या अंगाला मोडकसागर तलाव आहे, त्यामुळे वरून पाणी सोडले की मोडकसागरची पातळी कोरड्या दिवशीही वाढू शकते. अशा वेळी मध्य वैतरणातील घट त्याच सुमारास दिसते का, हे तपासावे. उन्हाळ्यातील घट मात्र दोन भागांत विभागून पाहावी: साठ्यातील एकूण घटीतून त्या दिवसांत उपसलेले आणि सोडलेले पाणी वजा केले, की उरणारा आकडा मुख्यतः बाष्पीभवनाचा आणि गळतीचा असतो.

हवामानबदलाचा परिणाम ताडताना केवळ एकूण पाऊस मोजणे फसवे ठरते, कारण तोच पाऊस मोजक्या दिवसांत कोसळला, तर भरलेल्या धरणातून जादा पाणी वाहून जाते आणि पुढील कोरड्या आठवड्यांची भरपाई होत नाही. गाळ तर तक्त्यात दिसतच नाही. तो साचला, की त्याच पातळीला प्रत्यक्षात कमी पाणी मावते, आणि हे नव्या मोजणीनंतरच कळते. पवईचा तलाव या हिशेबात धरू नये. १८९०-९१च्या सुमारास बांधलेल्या या तलावाचे पाणी पिण्यायोग्य नाही, आणि त्यात सांडपाणीही मिसळत असल्याने तेथील पातळीवरून पावसाचा अंदाज बांधता येत नाही.